छायाचित्रकाराचा धंदा कोणी बुडविला?

डिजिटल तंत्राने छायाचित्रणाचा धंदा बुडविला, ज्याच्या खिशात मोबाईल तो छायाचित्रकार झाला, आणि म्हणून स्टुडिओवाल्याच्या पेशास आता भवितव्य उरले नाही, हा पक्ष हल्ली इतक्या आग्रहाने मांडला जातो की, त्याची उलटतपासणी करण्याचे श्रम कोणी घेताना दिसत नाही.

या पक्षातील पहिला दोष कालक्रमाचा आहे. रंगीत फिल्म प्रचारात आली, तिच्या धुलाईस सुमारे ३८ अंशांचे उष्णतामान काटेकोरपणे राखणे अवश्य ठरले, आणि गावोगावच्या स्टुडिओंमागील काळोख्या खोलीत डेव्हलपर व हायपोच्या तबकांवर चालणारे काम शहरातील कलर लॅबकडे गेले, तेव्हा डिजिटल कॅमेरा बाजारात यावयाचाच होता. छायाचित्र स्वहस्ते सिद्ध करण्याचा जो अधिकार स्टुडिओवाल्याने तेव्हा गमावला आणि ज्याच्या अभावी तो रोल पोहोचविणारा अडत्या बनला, तो अधिकार पुढे संगणकानेच त्याला परत दिला.

हौशी माणसाच्या हाती यंत्र गेल्याने पेशा संपत असता, तर १८८८ साली ईस्टमनने शंभर छायाचित्रांची फिल्म भरलेला कॅमेरा विकावयास काढला, तेव्हाच तो संपला असता. बुडाली ती सामग्रीची मक्तेदारी. ज्या कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ साली डिजिटल कॅमेरा बनविला, तिनेच २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. उटकमंडचा सरकारी फिल्म कारखानाही बंद पडला. फिल्म विकणाऱ्यांचे दिवाळे हे फिल्म वापरणाऱ्यांचेही दिवाळे मानणे हा तर्कदोष आहे.

यावर कलकत्त्याच्या बोर्न अँड शेफर्ड या पेढीचे उदाहरण दिले जाते. ती २०१६ साली बंद झाली, हे खरे. परंतु तिच्या संग्रहाचा मोठा भाग १९९१ च्या आगीतच नष्ट झाला होता, आणि माझ्या मते पेढीचे खरे भांडवल तेच होते. जुना स्टुडिओ हे गावाचे एक दप्तर होते: पाकिटावरील क्रमांक सांगताच वीस वर्षांपूर्वीची निगेटिव्ह निघे, आणि दिवंगत आजोबांची नवी प्रत नातवाच्या हाती पडे. आज लग्नातील हजारो छायाचित्रे हार्ड डिस्कवर उतरतात, करिझ्मा अल्बम पोहोचता होतो, आणि पुढील हंगामासाठी ती डिस्क रिकामी केली जाते. हा हुकूम तंत्राचा नव्हे. कारण एकही कण न गमावता प्रतीची प्रत करण्याची शक्ती मनुष्याला या तंत्रानेच प्रथम दिली आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, छायाचित्रकाराने दप्तरदाराची आपली जुनी जबाबदारी पुन्हा अंगावर घ्यावी, दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्या, त्यांची नोंदवही राखावी, आणि त्याबद्दल उघडपणे मोबदला मागावा. ज्या दरपत्रकात ड्रोन आणि प्री-वेडिंग यांस स्वतंत्र रकाना मिळतो, त्यात जतनासही तो मिळाला पाहिजे, आणि त्या रकान्यात जतनाची मुदत वर्षांच्या आकड्यात लिहून त्याखाली स्टुडिओचा शिक्का उमटला पाहिजे.