हिशेबाची उमेदवारी

मार्चअखेरचे वार्षिक हिशेब बंद होतात आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात बँकेच्या शाखांमधून काही नवे चेहरे दिसू लागतात. सनदी लेखापालांसोबत आलेली ही विशी-बाविशीतील मुले-मुली कोपऱ्यातील टेबलाशी बसतात आणि कर्जखात्यांच्या फायली मागू लागतात. कर्मचाऱ्यांच्या लेखी ती ‘ऑडिटवाली’ असतात. ताटकळलेल्या ग्राहकाच्या लेखी विलंबाचे आणखी एक कारण. वस्तुतः ती विद्यार्थी आहेत आणि त्यांच्या शिक्षणाचा एक भाग त्या शाखेत पार पडत आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

या शिक्षणाचे देशातील प्रमुख केंद्र म्हणजे दिल्ली. संसदेने संमत केलेल्या कायद्यान्वये १ जुलै १९४९ रोजी अस्तित्वात आलेल्या भारतीय सनदी लेखापाल संस्थेचे मुख्यालय नवी दिल्लीतील इंद्रप्रस्थ मार्गावर आहे. यमुनेपलीकडील लक्ष्मीनगर या परीक्षेच्या शिकवणी वर्गांनी गजबजलेले असते. वर्ग आटोपून मेट्रोने कनॉट प्लेस, नोएडा किंवा गुरुग्राम गाठणारे प्रशिक्षणार्थी हे राजधानी परिसराचे नित्याचे दृश्य होय. घरापासून हजार-बाराशे किलोमीटरवर भाड्याच्या खोलीत राहणारी मराठी मुलेही त्यांत असतात. शहराच्या लोकसंख्येनुसार ठरणारे किमान विद्यावेतन आणि घरून येणारे पैसे यांचा मेळ घालणे, हा त्यांच्या हिशेबाचा पहिला धडा ठरतो.

सनदी लेखापाल होण्यासाठी केवळ परीक्षा पुरत नाहीत. अनुभवी सनदी लेखापालाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. हीच ती ‘आर्टिकलशिप’. पूर्वी तिची मुदत तीन वर्षे होती. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत ती दोन वर्षांवर आली. अखेरच्या वर्षात विद्यार्थ्याला इच्छा असल्यास नऊ ते बारा महिने एखाद्या उद्योगात प्रशिक्षण घेता येते. म्हणजेच उमेदवारीचे एक वर्ष वाया गेले, तर पूर्वी एक तृतीयांश शिक्षण बुडत असे. आता निम्मे बुडते. या एका वर्षाचे मोल त्यामुळे वाढले आहे.

ते वर्ष जाते कशात? प्रारंभीचे कित्येक महिने व्हाउचर तपासणे, बँकेच्या खातेउताऱ्याशी रोकडवहीचा मेळ घालणे, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे जुळवणे आणि बँकांकडून शिल्लक रकमेचे दाखले मिळवणे, अशा कामांत सरतात. पदवीधर तरुणाला ही कामे हलकी वाटतात. परंतु त्यांचे महत्त्व सत्यम कॉम्प्युटर्सच्या प्रकरणाने साऱ्या देशाला दाखवून दिले. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनी ताळेबंदातील रोख व बँकशिल्लक सुमारे ५,०४० कोटी रुपयांनी फुगवल्याची कबुली दिली. बँकांकडून थेट खातरजमा करून घेण्याचे काम लेखापरीक्षकांनी कंपनीच्याच हाती सोपवले होते, असे अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०११ सालच्या आदेशात नमूद केले. दाखल्याचे पत्र कोणी पाठवले आणि उत्तर कोणाच्या हाती आले, या वरवर क्षुल्लक प्रश्नाला एवढी किंमत असू शकते. नवशिक्याकडे सोपवले जाणारे काम क्षुल्लक असते, हा समजच मुळात चुकीचा आहे.

म्हणूनच उमेदवाराकडे स्वस्तातील कामगार म्हणून पाहण्याची वृत्ती घातक ठरते. नियमाने आठवड्याला ३५ तासांचे काम ठरलेले असताना रात्री उशिरापर्यंत थांबवून घ्यायचे आणि काम मात्र झेरॉक्स व टपालाचे द्यायचे, हा शिक्षणाचा उपहास होय. दोष एकाच बाजूला नाही. अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून केवळ कागदोपत्री उमेदवारी दाखवणारे विद्यार्थीही असतात. शिकवून तयार केलेला मुलगा परीक्षेच्या सुटीवर जातो आणि ऐन हंगामात काम अडते, ही लहान कार्यालयांची तक्रारही खोटी नाही. तथापि या अडचणींवर उपाय शिकवणे थांबवण्यात नाही. केलेल्या प्रत्येक कामामागचे कारण समजावून सांगण्यास दिवसाकाठी पंधरा मिनिटे लागतात. तेवढी सवड कोणत्याही कार्यालयाला काढता येते.

बँकेचे उत्तरदायित्व येथेच सुरू होते. समजा, एका रोख पतखात्याची फाईल पाहताना प्रशिक्षणार्थी मुलीच्या लक्षात आले, की कर्जदाराने दिलेल्या नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या मालसाठ्याच्या पत्रकांत आकडे तेच आहेत. त्यांवरूनच खात्याची उचलमर्यादा ठरते. तिने कारण विचारले आणि “गेल्या वर्षी असेच चालले होते” असे उत्तर मिळाले, तर ती एक धडा निश्चित शिकेल: विचारू नये. पुढे वीस वर्षांनी तीच एखाद्या मोठ्या ताळेबंदावर स्वाक्षरी करील, तेव्हा हा धडा तिच्यासोबत असेल. याउलट अधिकाऱ्याने फाईल उघडून पत्रके पडताळली आणि चूक असल्यास मान्य केली, तर त्या मुलीचे शिक्षण होईलच. शिवाय खाते वेळीच सावरण्याची संधी बँकेलाही मिळेल. हप्ता वा व्याज ९० दिवसांहून अधिक थकल्यावर मुदत कर्ज अनुत्पादक ठरते, हे सारेच जाणतात. खाते आजारी पडण्याची लक्षणे मात्र पुष्कळदा त्याआधीच कागदावर उमटलेली असतात. ती नव्या नजरेला दिसू शकतात, कारण ती नजर अजून सरावलेली नसते.

शाखेत जमा होणारा पैसा ठेवीदाराचा असतो. निवृत्त शिक्षकाची मुदत ठेव किंवा गृहिणीचे आवर्ती खाते सुरक्षित राहावे, यासाठी जी यंत्रणा उभी आहे तिची सर्वांत लहान कडी म्हणजे हा उमेदवार. सनदी लेखापाल संस्थेने आपले बोधवाक्य कठोपनिषदातून घेतले आहे. निद्रिस्तांमध्ये जो जागा असतो, असा त्याचा आशय. जागे राहण्याची ही सवय परीक्षेच्या मंडपात लागत नाही. ती उमेदवारीच्या वर्षात लागते, किंवा मोडते. पुढील एप्रिलमध्ये कोपऱ्यातील टेबलावरून प्रश्न आला, तर कर्मचाऱ्यांनी त्याला पुरते उत्तर द्यावे आणि ग्राहकांनी पाच मिनिटांचा विलंब सोसावा. तो प्रश्न त्यांच्याच ठेवीच्या वतीने विचारलेला असतो.