गाडी तापली, तर आधी कारण शोधा



ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आपल्या वस्त्यांतील अनेक तरुण कर्ज काढून टुरिस्ट गाडी चालवितात. नाशिकची त्रिरश्मी लेणी, येवल्याची मुक्तिभूमी पाहायला आपली कुटुंबे अशाच गाड्यांतून जातात. वाटेत कसारा घाट लागतो आणि तेथे गाडी तापते. मग गॅरेजवाला 'हेड गेले' म्हणतो आणि बँकेच्या हप्त्याचे पैसे तिकडे जातात. पण दर वेळी हेडच गेलेले असते असे नाही.

इंजिनातील पाणी पंपाने फिरते, उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येते आणि तेथे वाऱ्याने व पंख्याने निवते. थर्मोस्टॅट ही झडप साधारण ८० ते ९० अंशांना उघडते. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते, म्हणून पाणी १०० अंशांनाही उकळत नाही. झाकणाचे रबर गेले तरी पाणी उकळून बाहेर येते.

आता गाडी केव्हा तापते ते पाहा. शिळफाट्याच्या कोंडीत काटा चढतो आणि रस्ता मोकळा होताच उतरतो, तर पंखा पाहा. फ्यूज, रिले, मोटर तपासून घ्या. कोंडीत ठीक, पण घाटात तापते, तर पाणी कमी असेल, रेडिएटर चोंदला असेल किंवा थर्मोस्टॅट पुरता उघडत नसेल. रोज पाणी घालावे लागते, तर गाडीखालची ओल, होज पाईपच्या क्लिपा आणि पंप पाहा. गळती कोठेच नाही, ऑईल दुधाळ झाले आहे आणि इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. तरीही हेड खोलण्याआधी प्रेशर टेस्ट करायला सांगा.

काटा लाल खुणेकडे गेला की एसी बंद करा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. गरम असताना झाकण उघडू नका. वाफेने तोंड-हात भाजतात. निदान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. बोअरच्या पाण्यातील क्षार रेडिएटरमध्ये साचतात, म्हणून कंपनीने सांगितलेले कूलंटच वापरा.

काही गाड्यांना अजून लिंबू-मिरची टांगलेली दिसते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला ती शोभत नाही आणि तिने काटाही उतरत नाही. कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण इंजिनालाही लागू आहे.

घरातील भगिनींनी हिशेबाच्या वहीत एक पान गाडीसाठी ठेवावे. गाडी कोठे तापली, किती पाणी घातले, ते तारखेसह लिहावे. ती वही घेऊन गॅरेजमध्ये गेलात, तर तुम्हाला सहज कोणी फसवू शकणार नाही.