निदानावरील शंका आणि तिचे उत्तर

स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे छिन्नमनस्कतेचे, निदान झालेली व्यक्ती आपल्याला हा आजार नाहीच असे म्हणू लागली, की बहुतेक वेळा ते म्हणणे आजाराचेच आणखी एक लक्षण म्हणून नोंदवले जाते आणि विषय तिथेच मिटतो. ही सवय घातक आहे. ती शंका कधी खरी ठरते, कधी खोटी. परंतु दोन्ही वेळी ती पुराव्यानिशी उत्तर मागणारा प्रश्न असते आणि ते उत्तर देणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

हा आजार रक्ताच्या चाचणीने सिद्ध करता येत नाही. भास (नसलेले आवाज ऐकू येणे), भ्रम (पुराव्यानेही न ढळणारी चुकीची खात्री), विस्कळीत बोलणे यांसारखी लक्षणे किती काळ टिकली आणि त्यांनी रोजचे जगणे किती विस्कटले, यावरून तो ठरवला जातो. आणि हा काळही सर्वत्र एक नाही. अमेरिकेतील डीएसएम-५ ही नियमावली आजाराच्या खुणा किमान सहा महिने असाव्यात असे सांगते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ ला एक महिना पुरतो, म्हणजे तिसऱ्या महिन्यात तपासलेल्या माणसाला एका नियमावलीप्रमाणे हा आजार असतो आणि दुसरीप्रमाणे अद्याप नसतो. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकी आणि ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांना रुग्णांच्या मुलाखतींच्या त्याच चित्रफिती दाखवल्या होत्या. त्यांतील एका रुग्णाला ६९ टक्के अमेरिकी तज्ज्ञांनी स्किझोफ्रेनिया असल्याचे ठरवले, तर ब्रिटिश तज्ज्ञांपैकी अवघ्या २ टक्क्यांनी. त्यानंतर निकष काटेकोर झाले हे खरे. तरीही बायपोलर विकार, गांजाचे सेवन, स्टेरॉइडची औषधे, अपस्मार आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच मेंदूवर हल्ला केल्याने येणारी सूज, ज्यातील एक प्रकार २००७ मध्ये कुठे नीट ओळखला गेला, यांतून अशीच लक्षणे उद्भवू शकतात, आणि ही कारणे तपासून बाजूला सारली होती का, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

परदेशातील मराठी कुटुंबांत या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. आजी गेल्यानंतर काही आठवडे तिची हाक स्वयंपाकघरातून ऐकू येत असे, असे एखाद्या मुलीने दुभाष्यामार्फत सांगितले आणि फायलीत ‘आवाज ऐकू येतात’ एवढेच उतरले, तर निरोगी माणसालाही शोकात येणारा अनुभव आजाराच्या खात्यात जमा होतो. मात्र याची दुसरी बाजू दडवून चालणार नाही. मनोविकारतज्ज्ञ ओडेगार्ड यांनी १९३२ मध्येच दाखवले होते, की मिनेसोटात गेलेल्या नॉर्वेजियन लोकांत हा आजार मायदेशीच्या लोकांपेक्षा सुमारे दुप्पट आढळतो. तेव्हा परक्या डॉक्टरला आपली रीतभात कळली नाही, हे घरच्यांना दिलासा देणारे स्पष्टीकरण प्रत्येक वेळी खरे असेलच असे नाही.

आजाराची जाण नसणे हे या विकारात वारंवार दिसते, यात वाद नाही. परंतु मनोविकारतज्ज्ञ अँथनी डेव्हिड यांनी १९९० मध्ये मांडल्याप्रमाणे ही जाण एकसंध नसते: आपण आजारी आहोत हे मान्य करणे, विचित्र अनुभव हे आजारातून आले हे ओळखणे आणि उपचार घेणे, हे तीन वेगळे धागे आहेत. जी व्यक्ती गोळ्या नियमित घेते, आवाज खरे नव्हते हेही मानते, पण त्या त्रासाला दिलेले नाव बरोबर आहे का असे विचारते, तिला जाण नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. असहमती हाच आजाराचा पुरावा मानला, तर निदान चुकले असले तरी ते उघडकीस येण्याची वाटच उरत नाही.

शंका घेणे वेगळे आणि औषध थांबवणे वेगळे, ही रेघ मात्र ठळक हवी. औषधाने आवाज थांबले, की ते कधी नव्हतेच असे वाटू लागते, आणि नेमक्या याच चांगल्या दिवसांत गोळ्या सुटतात. कायद्याच्या प्राध्यापिका एलिन सॅक्स यांनी आपल्या आत्मकथनात सांगितले आहे, की आपण आजारी नाही हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी पुन्हा पुन्हा औषध कमी करून पाहिले आणि दर वेळी आजार उसळून आला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातही वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्क्यांना, तर औषधाऐवजी निष्क्रिय गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांना आजार उलटला होता.

म्हणून दुसरे मत घ्यायचे ते चालू मात्रेसह घ्यावे. सुट्टीत पुण्याला किंवा ठाण्याला आणलेल्या मुलाच्या हातात नुसती गोळ्यांची चिठ्ठी असून भागत नाही; पहिले लक्षण कधी दिसले, मधल्या काळात झोप आणि नशा यांची स्थिती काय होती, तो त्या वेळी नेमके कोणते शब्द बोलला आणि कोणत्या तपासण्या झाल्या, हे सारे सोबत लागते. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क दिला आहे, आणि त्या मागणाऱ्या मुलाला घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘पुन्हा तेच सुरू केलेस’ असे म्हणून गप्प बसवण्याऐवजी त्याच्यासोबत डॉक्टरांसमोर बसून प्रत्येक नोंदीचा आधार विचारावा.