गायरान ‘पडीक’ आहे असं कोणी लिहिलं?

आजची नोंद. सकाळी सहा चाळीस, गायरानाचा वरचा भाग, नाल्याचं वळण. पंधरा दिवसांपासून पावसाची ओढ. जमीन पायाला कडक लागते, पण गवत अजून हिरवं आहे.

वेडे राघू अकरा, तारेवर ओळीने. खाटीक एक, बोरीच्या काट्याला त्याने टोळ अडकवून ठेवलेला. तित्तिरांचा आवाज दोन्ही बाजूंनी, दिसले नाहीत. चास एक. ओल्या रेतीत घोरपडीचा माग. गवतात मारवेल, पवन्या, कुसळी. पळसाच्या फांदीला फुलोरी माशीचं तळहाताएवढं पोळं. बाभळीखाली घुबडाने ओकलेल्या गोळ्या. काडीने फोडून पाहिल्या तर आत उंदरांची हाडं आणि केस.

मंडळी, ही वीस मिनिटांची यादी आहे. मी काही तज्ज्ञ नाही, बारावी झालेला पपई-कापूसवाला माणूस आहे. आता दुसरी यादी ऐका.

गेल्या सोमवारी ग्रामपंचायतीत जाऊन आमच्या गावाची ‘लोक जैवविविधता नोंदवही’ बघायला मागितली. आधी ‘असं काही आहे का’ यावर अर्धा तास गेला. मग कपाटाच्या खालच्या कप्प्यातून निघाली. स्पायरल बाइंडिंग, रंगीत मुखपृष्ठ, एकदम देखणी. झाडांच्या यादीत कोकम आहे. सुरंगी आहे. भाऊ, सुरंगीचा गजरा मी कोकणात एका लग्नात पाहिला होता, तेवढाच. शहादा तालुक्यात ती कुठे उगवली हे मला कोणी दाखवलं तर त्याच्या घरी पपईचं कॅरेट पोच करतो. आणि ज्या अंजनाच्या नि सालईच्या झाडांकडे बघत आम्ही लहानाचे मोठे झालो, ती नाहीत. गायरानापुढे एकच ओळ: ‘पडीक क्षेत्र. विशेष नोंद नाही.’

शेवटच्या पानावर समितीच्या सह्या. त्यात आमच्या आप्पांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची पण सही.

‘आप्पा, तुम्ही जैवविविधता समितीत आहात?’

‘मी? मी तर पाणीपुरवठ्याचा कागद समजून सही केली होती रे.’

हसू आलं खरं. पण येत्या ग्रामसभेत गायरानाचा विषय आहे. शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर प्रकल्पाला जागा द्यायची आहे, आणि गायरानच का द्यायचं याचं उत्तर तयार आहे: पडीक आहे, नोंदवहीतच तसं लिहिलंय. हे वाचल्यावर हसू गेलं.

थोडं मागे जाऊन सांगतो, कारण ही वही कुठून आली हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही. जैविक विविधता कायदा २००२ चा. त्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीनेसुद्धा, व्यवस्थापन समिती नेमायची. २००४ च्या नियमांत त्या समितीचं मुख्य कामच सांगितलं होतं, लोक नोंदवही तयार करणं, आणि ती स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून. ‘लोक’ हा शब्द उगाच नाही. माधव गाडगीळ आणि त्यांच्यासोबतच्या मंडळींनी नव्वदच्या दशकात ही कल्पना मांडली ती याचसाठी, की गुराख्याला, मासे धरणाऱ्याला, औषधी मुळ्या काढणाऱ्या म्हातारीला जे कळतं ते कागदावर यावं, त्याच्या नावाने यावं, आणि गावाचं नियोजन त्यावर व्हावं.

पण चौदा-पंधरा वर्षं कोणी हललं नाही. २०१६ मध्ये प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं तेव्हा देशभरात दोन हजारसुद्धा नोंदवह्या नव्हत्या. लवादाने २०१९ मध्ये ठणकावलं: ३१ जानेवारी २०२० पर्यंत काम पूर्ण करा, नाहीतर प्रत्येक राज्याला महिन्याला दहा लाख रुपये दंड. मग काय, दोन-तीन वर्षांत आकडा अडीच लाखांच्या वर गेला! एका गावाची नोंदवही नीट करायची तर किमान चारही ऋतू बघावे लागतात. पावसाळ्यातलं कुरडू-टाकळा उन्हाळ्यात दिसत नाही, आणि मोहाचं फूल श्रावणात सापडत नाही. अडीच लाख गावांचे ऋतू एवढ्या घाईत कोणी मोजले? आमच्या गावाचे तर कोणीच मोजले नाहीत. कोणीतरी ठेका घेतला, दुसऱ्या जिल्ह्याची फाईल उघडली, गावाचं नाव बदललं आणि प्रिंट काढली.

लवादाचा आदेश चुकीचा होता असं मी म्हणत नाही. दट्ट्या बसल्याशिवाय कोणी हललं नसतं. पण वही आहे की नाही एवढंच मोजलं गेलं, वहीत काय आहे ते कोणी उघडून पाहिलं नाही.

‘एक चुकीची ओळ, त्याने काय आभाळ कोसळतं?’ असं परवा एका मित्राने विचारलं. त्याला आपल्याच पायथ्याची गोष्ट सांगितली, तुम्हालाही सांगतो.

रानपिंगळा. दिवसा उडणारं छोटं घुबड. पहिला नमुना १८७२ मध्ये छत्तीसगडच्या बाजूला मिळाला. पुढे १८८० च्या दशकात डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून काही नमुने जमवले आणि ते विलायतेच्या संग्रहालयात गेले. १८८४ नंतर पक्षी कोणाला मिळेना. मग माइनर्टझागेन नावाच्या एका बड्या पक्षीतज्ज्ञाचा नमुना पुढे आला, त्यावर चिठ्ठी होती १९१४ ची, गुजरातेतल्या मांडवीची. नाव मोठं, म्हणून लोकांनी विश्वास ठेवला आणि तिकडे शोध घेतला. सापडला नाही. नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने तपासले तेव्हा उघड झालं, की या माणसाने डेव्हिडसनचाच एक नमुना संग्रहालयातून लांबवून, नव्याने भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. ती चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी आले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पक्षी समोर झाडावर बसलेला! ११३ वर्षांनी. तेव्हा आपला नंदुरबार जिल्हासुद्धा झाला नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला.

आता मित्राचा प्रश्न परत वाचा. एका खोट्या चिठ्ठीने शोधणारे चुकीच्या गावाला गेले. तोवर इथलं जंगल तुटत राहिलं, कारण इथे काही राखण्यासारखं आहे हे कोणाच्या कागदावर नव्हतं. हरवला तो पुस्तकातून. झाडावर होताच.

आमच्या वहीतली सुरंगी त्याच जातीची चिठ्ठी आहे. आणि ‘विशेष नोंद नाही’ ही तर त्याहून वाईट. सुरंगी वाचून निदान शंका येते. कोऱ्या रकान्यावर कोणी शंका घेत नाही.

दोष नुसता ठेकेदाराचा नाही. परवा पारावर हा विषय काढला तर एक भाऊ म्हणाले, ‘तुले काय पडेल शे? नोंद कयी का वनखातं ई जाई.’ ही भीती मी चेष्टेवारी नेणार नाही. ज्या जिल्ह्यात सरदार सरोवराखाली तेहतीस गावं गेली, जिथे वनहक्काच्या दाव्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं चपला झिजवल्या, तिथे ‘संवर्धन’ म्हटलं की पोटात गोळा येणारच. पण कायदा काय म्हणतो ते तरी बघा. नोंदवहीने कोणाचा सातबारा बदलत नाही. कलम ३७ खाली एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली, आपल्या शेजारी जळगावचं लांडोरखोरी झालंय तसं, तरी स्थानिक लोकांच्या चालत आलेल्या वापरावर त्यांनी स्वतः ठरवल्याशिवाय बंदी नाही, असं त्याच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. वनहक्क कायद्याचं कलम ५ तर जैवविविधता राखण्याचा अधिकारच ग्रामसभेला देतं. अधिकार आपल्या हातात आहे आणि वही मात्र दुसऱ्याने लिहिली, असं आपलं झालंय.

आणि कृषी पदवीधर मित्रांनो, तुम्हालाही दोन शब्द. राग मानू नका. नोंदवहीच्या ठरलेल्या नमुन्यात पिकं, चारा, तण, किडी, माती, गुरांचे बाजार यांचे वेगवेगळे तक्ते आहेत. हे तुमचं काम आहे, पक्षीवाल्यांचं नाही. आमच्या वहीत मक्यासमोर ‘संकरित’ एवढंच आहे. वर धडगावच्या डोंगरात पांढऱ्या दाण्याचा दूधमोगर मका आजही लोक राखून आहेत, बायफच्या मदतीने तिथे शेतकऱ्यांनी गावठी मका-ज्वारीच्या बियाण्याची बँक उभी केली. आमच्या सालदाराच्या आईकडे मडक्यात दोन शेर दूधमोगर आहे, माहेरून आणलेला. दरवर्षी परसात दोन ओळी लावते. २०१८ मध्ये लष्करी अळी देशात आली, त्यानंतर आम्ही मक्यावर किती फवारण्या केल्या ते दुकानदाराच्या उधारीच्या वहीत आहे, पण त्या दोन ओळींवर अळी किती चढली हे कुठल्याच वहीत नाही. मीही कधी वाकून पाहिलं नाही, हे कबूल करतो. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी करता येते. पण आधी गावात तो वाण आहे हे तर लिहा!

तसंच गायरान. उपग्रहाच्या नकाशावर झुडपी माळ दिसला की तो देशाच्या पडीक जमिनींच्या ॲटलासमध्ये जातो. वरून बघणाऱ्याला गवत म्हणजे झाड नसलेली जागा. खालून बघा. माझ्या बांधावरची कारली-गिलकी ज्या माशांवर धरतात त्या या पळसावर राहतात. उसातले उंदीर खाणारं घुबड या बाभळीवर बसतं. गावातल्या शेळ्या आणि बिनजमिनीवाल्यांची गुरं इथेच चरतात. ही जागा गेली तर ती गुरं कुठे जातील याचाही रकाना आमच्या वहीत कोराच आहे.

वीज मला नको आहे असं कोणी समजू नये. रात्री दोनला मोटार चालू करायला मीही जातो. गेल्या वर्षी टॉर्चच्या उजेडात घोणस पायापासून हातभर होती, घरी आजपर्यंत सांगितलेलं नाही. दिवसा वीज हवीच. पण गावठाणाच्या खाली मुरमाचा भराव टाकलेली जागा आहे, तिथे कुसळसुद्धा उगवत नाही. तिची मोजणी करून बघा. पुरली नाही तर गायरानाच्या खालच्या बाजूचं बोलू. नाल्याचं वळण आणि वरचं गवत सोडून बोलू. हे बोलायला आधी कुठे काय आहे याचा नकाशा लागतो, आणि तो नकाशा म्हणजेच खरी नोंदवही. नोंदवही म्हणजे स्थगिती आदेश नव्हे, हे मला माहीत आहे. पण ग्रामसभेत कागदाला कागदानेच उत्तर द्यावं लागतं.

म्हणून ठरवलंय. सातबाऱ्याच्या नकाशाची मोठी झेरॉक्स काढली आहे. गुराख्याची दोन पोरं, सालदाराची आई, आप्पा (या वेळी वाचून सही करतील) आणि मी, असे आम्ही रोज सकाळी एक तुकडा फिरणार. जे दिसेल ते नकाशावर, तारीख आणि सांगणाऱ्याच्या नावासकट. नाव पावरी, भिली, अहिराणी, ज्या भाषेत सांगितलं त्याच भाषेत आधी. पुस्तकी नाव मागाहून कोणी भरलं तरी चालेल. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही, मग ते कितीही देखणं असो. एक पथ्य मात्र: घुबडाची ढोली, घोरपडीचं बीळ, औषधी मुळीची नेमकी जागा या पानावर टाकणार नाही. ते वहीत राहील, ग्रामसभेकडे. घुबडाच्या मागे लागणारे मांत्रिक अजून संपलेले नाहीत.

जुन्या वहीतल्या चुका दाखवणारा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे, पोच घेतली आहे, एक प्रत नागपूरच्या जैवविविधता मंडळाला पोस्टाने पाठवतोय. तुमच्याही गावची वही काढून बघा. कोकम-सुरंगी निघाली तर खाली कमेंटमध्ये सांगा, गावाचं नाव नाही लिहिलं तरी चालेल.

गवत ओळखणारं कोणी आसपास असेल तर या गुरुवारी सकाळी साडेसहाला नाल्याच्या वळणावर या. पवन्या मला ओळखू येतो, पण त्याच्या शेजारी लालसर तुऱ्याचं एक आहे ते कळत नाही. गुराख्याची पोरं त्याला वेगळंच नाव सांगतात आणि म्हणतात, दुभती गाय आधी त्यालाच तोंड लावते.