‘ड’ वर्गाची हजेरी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वापरानुसार पाण्याचे पाच वर्ग पाडले आहेत. त्यातला ‘ड’ वर्ग वन्यजीवांचा आणि माशांचा. सामू ६.५ ते ८.५च्या दरम्यान, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत असला, की ते पाणी माशांना चालते. निकष वाईट नाहीत, पण ते बाटली भरली त्या घटकेपुरते बोलतात. शेवाळाने हिरव्यागार झालेल्या डोहात भर दुपारी प्राणवायू भरपूर सापडतो आणि पहाटे त्याच डोहात मासे तोंड वर काढून तडफडतात. शिवाय वर्ग माशांच्या नावाचा असला, तरी त्याच्या तपासणीत मासा कुठेच नाही. राज्यातल्या नद्यांवर ठरलेल्या ठिकाणी नियमाने नमुने घेतले जातात, आकडे संकेतस्थळावर चढतात. वर्ग झाडलेला, फळा पुसलेला, खिडक्या उघड्या. मुले आली आहेत का, एवढेच कोणी विचारत नाही. हजेरी घ्यायची तर जाळी टाकावी लागतात, त्याला माणसे, होड्या आणि दिवस लागतात, ही आजवरची सबब होती. ती आता टिकत नाही.

मासा पाण्यात राहतो म्हणजे पाण्यात काही ना काही टाकत राहतो: अंगावरचा बुळबुळीत स्राव, विष्ठा, झडलेल्या पेशी, विणीच्या काळात अंडी आणि शुक्राणू. त्यातला डीएनए काही दिवस, फार तर काही आठवडे पाण्यात तग धरतो. एक-दोन लिटर पाणी बारीक छिद्रांच्या गाळणीतून ओढायचे, गाळणीवर अडकलेला डीएनए वेगळा करायचा, माशांना सामाईक असलेल्या एका छोट्या जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या आणि त्यांची अक्षरे ज्ञात माशांच्या नोंदींशी ताडायची. फ्रान्समधल्या तळ्यांत घुसलेला अमेरिकी बैलबेडूक २००८मध्ये असा नुसत्या पाण्यावरून ओळखला गेला. जपानमध्ये मासाकी मिया यांच्या गटाने २०१५मध्ये एकाच फेरीत बहुतेक सगळे मासे टिपणारी ‘मायफिश’ ही चाचणी मांडली आणि पद्धत वेगाने पसरली. मात्र तिच्यावर विश्वास का ठेवायचा, याचे उत्तर इंग्लंडच्या विंडरमियर सरोवरात मिळते. तिथे माशांच्या नोंदी कित्येक दशकांच्या आहेत आणि सरोवरात १६ जाती असल्याचे ठाऊक आहे. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाण्याच्या नमुन्यांतून त्यांपैकी १४ जातींचा माग लागला. त्याआधीच्या जाळ्यांच्या ताज्या पाहणीत सापडल्या होत्या ४. कोणता मासा जास्त आणि कोणता कमी, हा क्रमही जुन्या नोंदींशी बराच जुळला. जुनी वही होती, म्हणून नवी पद्धत पडताळता आली, हेही इथे ध्यानात ठेवायला हवे.

आक्षेप अर्थातच आहेत, आणि सगळ्यात वजनदार आक्षेपाची सुनावणी शिकागोत झाली आहे. मिसिसिपीच्या खोऱ्यात बोकाळलेले आशियाई कार्प मासे ग्रेट लेक्समध्ये शिरू नयेत म्हणून शिकागोच्या कालव्यात विजेचे अडसर बसवले होते. २००९मध्ये अडसरांच्या पलीकडच्या पाण्यात या माशांचा डीएनए मिळाला. मिशिगन राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अडसराच्या देखभालीसाठी कालव्याच्या सुमारे १० किलोमीटर भागात विष सोडले, तेव्हा मेलेल्या माशांच्या खचात या आशियाई कार्पांपैकी बिगहेड कार्प निघाला फक्त एक. टीकाकारांना कोलीतच मिळाले: डीएनए मालवाहू बोटींच्या तळाला चिकटून आला असेल, पक्ष्यांच्या विष्ठेतून आला असेल, मासळीबाजारातल्या बर्फाच्या पाण्यातून गटारात उतरला असेल. हे हसण्यावारी न्यायचे प्रश्न नव्हतेच. अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने त्यांचा वेगळा अभ्यास केला. पण जून २०१०मध्ये अडसरांच्या पलीकडे, लेक कॅल्युमेटमध्ये, एका मच्छीमाराच्या जाळ्यात जिताजागता बिगहेड लागलाच. एका माशाने सगळे नमुने खरे ठरत नाहीत, हे टीकाकारांचे म्हणणे मान्य. पण जाळ्यात मासा लागला नाही म्हणून मासा नाही, हे तरी कुठे सिद्ध होत होते? पाण्यातला डीएनए म्हणजे पंचनाम्यातला ठसा. तेवढ्यावर शिक्षा होत नाही, पण शोध कुठे घ्यायचा ते कळते.

आपल्याकडे हा आक्षेप शिकागोपेक्षा कितीतरी जड आहे. पुण्यात मुळा-मुठेत, कोल्हापुरात पंचगंगेत सांडपाणी मिसळते आणि त्यात घराघरांतल्या मोऱ्यांचे पाणी असते. सुरमई धुतलेले पाणीही नदीत, रोहू धुतलेलेही नदीत. जपानच्या माइझुरु उपसागरात मासळीच्या घाऊक बाजाराजवळ पाण्यातला डीएनए असाच फुगलेला आढळला होता. मग आपल्या नदीतला डीएनए नदीचा की ताटातला, हे ओळखायचे कसे? याचे उत्तर अडचणीतच आहे, असे मला वाटते. सुरमई आणि बांगडा मुठेत राहत नाहीत. नमुन्यात त्यांचा डीएनए निघाला, तर तो सांडपाण्यातूनच आला, हे उघड आहे. म्हणजे समुद्री माशांचे प्रमाण हीच त्या ठिकाणच्या भेसळीची खूण धरता येते. ती खूण ठळक असेल, तिथे रोहू, कटला, मृगळ यांच्या नोंदींवर भिस्त ठेवायची नाही, कारण तेही बाजारात विकले जातात. मळ्या नावाचा, दगडांना धरून राहणारा छोटा मासा मात्र शहराच्या मंडईत सहसा येत नाही. त्याची नोंद अशा पाण्यातही बरेच काही सांगते. पद्धत आंधळेपणाने वापरली तर आपल्या नद्यांत ती फसेल, हे खरेच. डोळे उघडे ठेवून वापरली, तर तोच नमुना गटाराची तक्रारही नोंदवील.

बाकीच्या मर्यादा मी लपवणार नाही. मासा केवढा, किती वर्षांचा, रोगी की धडधाकट, हे पाणी सांगत नाही. मेलेल्या माशाचाही डीएनए असतो. स्वित्झर्लंडमधल्या एका नदीवर केलेल्या अभ्यासात सरोवरातल्या पाणपिसवांचा डीएनए खाली सुमारे १२ किलोमीटरपर्यंत सापडला, तेव्हा पुलाखालचा नमुना पुलाखालच्याच माशांचा, असे म्हणता येत नाही. पावसाळ्यात गाळाने गाळण्या तुंबतात आणि गढूळ पाण्यातली द्रव्ये चाचणी अडवतात. प्रत्येक फेरीत शुद्ध पाण्याची एक बाटली बरोबर नेऊन तीही तपासावी लागते, म्हणजे आपल्याच हातमोज्यांवरून डीएनए आला नाही ना, ते समजते. ही सगळी शिस्तीची कामे आहेत आणि शिस्त विकत मिळत नाही. तरी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या वन्यजीव प्रयोगशाळेने चिलिका सरोवराच्या पाण्यावर पर्यावरणीय डीएनएचे काम करून दाखवले आहे, त्यामुळे ‘हे आपल्या हवेत, आपल्या माणसांना जमायचे नाही’ हा सूर आता लावू नये.

अवघड गाठ आहे ती नावांची. डीएनएची अक्षरे वाचता आली, तरी ती कोणाची हे सांगायला नाव लावलेला, जपून ठेवलेला मासा कुठेतरी असावा लागतो. या बाबतीत दख्खनचा इतिहास मोठा मौजेचा आहे. कर्नल साइक्स या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८३९मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने छापली, तेव्हा बऱ्याच जातींना त्याने इथली बोलीतली नावेच लॅटिनच्या पंगतीला बसवून दिली. खुड्री, नुक्ता, कोळस, मळ्या ही नावे आजही जगभरच्या प्रबंधांत फिरतात. आपल्याच शहरांतल्या मुलांना ती माहीत नसतात, ते सोडा. पण नाव असले म्हणजे ओळख पटली असे नाही. कावेरीतला कुबडाचा महासीर पन्नास किलोंच्या घरात वाढतो, गोऱ्या साहेबांनी तो शंभर वर्षे गळाने ओढला, तरी त्याचे शास्त्रीय नाव निश्चित झाले २०१८मध्ये! तोवर लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली खुड्री महासीराची पिल्ले कावेरीत सोडली गेली होती आणि मूळचा मासा अतिसंकटग्रस्तांच्या यादीत जाऊन पडला. संकराचे आणखी वेगळे त्रांगडे: माशांच्या चाचणीत वापरला जाणारा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे आई देशी मांगूर आणि बाप २०००पासून बंदी असलेला आफ्रिकी मांगूर असेल, तर पिल्लू देशीच ठरणार. म्हणून पाणी गाळायचे तर आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रातल्या मासे ठेवलेल्या बरण्यांवर आणि मासा हातात धरून ओळखणाऱ्या अभ्यासकांवरही पैसा घालावा लागेल. यंत्र घेतले म्हणून वर्गीकरणतज्ज्ञाची जागा भरली नाही, तर हाती येणारी यादी ‘अनोळखी’ या शब्दानेच भरलेली असेल.

भोई सगळे जाणतात, त्यांना विचारा, यंत्रे कशाला, असेही म्हटले जाते. त्यांना विचारावेच, पहिली यादी त्यांच्याकडूनच घ्यावी, आणि नमुने कुठल्या डोहावर घ्यायचे तेही त्यांनीच सांगावे. पण पंचगंगेत किंवा कृष्णेत मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो, तेव्हा भोयाचे म्हणणे कागदावर येत नाही. छायाचित्रे छापून येतात, पाण्याचा नमुना दुसऱ्या दिवशी घेतला जातो, तोवर कारखान्याने सोडलेली मळी पुढे वाहून गेलेली असते. आदल्या महिन्यात इथे किती जाती होत्या, हे दाखवणारा कागद कोणाकडेच नसतो, मग भरपाई मागायची कशाच्या आधारावर? महिन्याला बाटली भरायला जाणारी गाडी आहे, माणूस आहे, ठिकाण ठरलेले आहे. त्याच फेरीत आणखी दोन लिटर पाणी गाळायला जास्तीचा अर्धा तास लागेल. सगळ्या गाळण्या लगेच वाचायचीही गरज नाही: निवडक वाचाव्यात, बाकीच्या तारीख आणि ठिकाण लिहून शीतपेटीत ठेवाव्यात. नावांचा संच पुढे भरत गेला, की जुनी गाळणी पुन्हा वाचता येते. आणि नदी पांढरी पडली त्या दिवशी तपासायला निदान आदल्या महिन्याचे पाणी असेल.