घाणा शोभेला नको, चालता हवा

थोडं स्पष्ट लिहितो, राग नसावा.

गावातला बंद पडलेला तेलघाणा उचलून आणायचा, वार्निश मारायचा आणि इथे बेळगावात मंगल कार्यालयाच्या दारात 'आपला वारसा' असा फलक लावून ठेवायचा, अशी सूचना आली आहे. वर्गणीही सुरू झाली. माझा याला विरोध आहे.

पहिलं म्हणजे वारसा 'आपला' कसा? घाणा त्या तेली कुटुंबाचा. त्यांनी तो पिढ्यान्पिढ्या चालवला. आपण रिफाइंडच्या डब्याकडे वळलो आणि तो थांबला. आता त्यांच्या अंगणातून तो उचलायचा, शेजारी उभं राहून फोटो काढायचे आणि याला जतन म्हणायचं!

दुसरं, घाण्याचं लाकूड तेल पिऊन टिकतं. काम थांबलं की ते सुकतं, भेगा पडतात. वार्निशने उखळ चकाकेल, पण त्यात पुन्हा दाणा पडणार नाही. शिवाय घाणा म्हणजे नुसती उखळ आणि लाट नव्हे. दाणे चेचले जात असताना पाण्याचा हबका कधी आणि किती द्यायचा, हे चालवणाऱ्याच्या हाताला कळतं. ते फलकावर लिहिता येत नाही. झिजलेली लाट बदलणारा सुतारही हवा. घाणा फिरत असेल तरच ही माणसं टिकतात.

"पण ते परवडणार कसं?" असं विचारणाऱ्यांना, कर्जाचे अर्ज तपासण्यात जन्म गेलेला माणूस म्हणून सांगतो. शेंगा-करडई सुगीत एकदम घ्यावी लागते, तेल मात्र वर्षभर खपतं. मधल्या काळात पैसा अडकतो आणि छोटा घाणेवाला तिथेच बुडतो. यावर जुनाच उपाय आहे: दाणे आपले, मजुरी त्याची. १० किलो शेंगदाण्यांचं साधारण ४ किलो तेल निघतं, बाकी पेंड. पेंडीला गाई-म्हशींवाले गिऱ्हाईक आहेच, ती किंमत वजा करून मग महाग की स्वस्त ते ठरवा. १०० घरांनी तीन महिन्यांतून एकदा १० किलो दाणे दिले, तर दिवसाला चार घाणे धरून २५ दिवसांचं काम झालं. एवढ्यावर घर चालणार नाही, पण घाणा नक्की फिरेल.

नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायम ठेव ठेवली, ती कारागिरांच्या श्रेण्यांकडे. त्यांत तेल गाळणाऱ्यांची श्रेणीही आहे. तेल्याची पत तेव्हा अशी होती. आपण त्याला काय देतोय, तर फलक!

म्हणून माझी सूचना अशी. मालकाला आधी विचारावं. त्याची तयारी असेल तर जमलेल्या वर्गणीतून घाणा आहे तिथेच दुरुस्त करावा. बैल पोसणं जमत नसेल तर मोटर लावा, माझी हरकत नाही. फक्त लाट आणि उखळ लाकडाचीच राहू द्या, फेरा सावकाश ठेवा. शेजारच्या कानडी घरांनाही सांगा. आपण घाणा म्हणतो, ते गाण म्हणतात, तेल एकच.

ज्यांची तयारी आहे त्यांनी खाली किती किलो दाणे देणार तेवढं लिहावं. माझे १० किलो धरा.