रंगाची साक्ष

पक्षिनिरीक्षणाचा नाद असलेल्या माणसाने दिवाळीत फराळाला जावे की नाही, असा मला प्रश्न पडतो. चकली तोंडात घालण्यापूर्वीच यजमान फोनमधले छायाचित्र पुढे धरतात. "हा पिवळा पक्षी कोणता हो?" मी विचारतो, "तो काय करीत होता?" यजमान गोंधळतात. "करीत काय होता? पिवळा होता!"

माझे भांडण आहे ते या उत्तराशी. रंग पाहिला की पक्षी ओळखला, ही समजूत घरोघरी आहे आणि ती साफ चुकीची आहे.

मी स्वतः ठेच खाऊन हे शिकलो. कर्नाळ्याच्या रानात एका सकाळी लांब शेपटीचा पांढराशुभ्र पक्षी दिसला. घटकाभराने तशाच शेपटीचा तांबूस. वहीत मी मोठ्या डौलाने दोन जाती नोंदवल्या. प्रत्यक्षात दोन्ही स्वर्गीय नर्तकच, आणि दोन्ही नरच! या जातीचा तरुण नर तांबूस असतो, वय वाढले की पांढरा होतो. काळे डोके, तुरा, उडते किडे टिपण्याची लकब, सारे एकच होते. मी रंगापलीकडे पाहिलेच नव्हते.

रंगासारखा लबाड साक्षीदार नाही. कोकीळ काळा, तर त्याची मादी ठिपक्याठिपक्यांची. जांभळा शिंजीर उन्हात झळाळतो, सावलीत निव्वळ काळा दिसतो. विणीचा हंगाम सरला की तो झगमगीत अंगरखाही उतरवतो. नीलकंठाच्या निळ्या पिसांत निळे रंगद्रव्यच नसते. पिसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो आणि आपल्याला निळाई दिसते. अशा साक्षीवर निकाल द्यायचा काय?

कोणी म्हणेल, सलीम अलींची सुरुवात रंगापासूनच झाली ना? खरे आहे. १९०८ साली, लहान असताना, त्यांनी पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि ती चिमणी घेऊन ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. पण रंगाने त्यांना प्रश्न दिला. उत्तर दिले नाही. उत्तरासाठी त्यांना पुढे जन्मभर रानोमाळ हिंडावे लागले.

आपल्या जुन्या माणसांना हे कळत होते. हळद्या, नवरंग ही नावे रंगावरून आली, हे मी नाकारीत नाही. पण तांबट पाहा. हिरवे अंग, लाल कपाळ, पिवळा गळा. तरी लोकांनी नाव दिले ते त्याच्या ठोक्यावरून! शिंपी पाने शिवतो म्हणून शिंपी, टोळीने हिंडतात म्हणून सातभाई. ही नावे ठेवणाऱ्यांनी आधी पाहिले, ऐकले. मग नाव ठेवले.

"पण फोनच आता क्षणात नाव सांगतो," असे आमचे एक स्नेही म्हणतात. सांगू द्या! नाव कळले म्हणजे पक्षी कळला, असे थोडेच आहे? लग्नपत्रिका वाचून नवरी कळते काय?

तेव्हा वाचकहो, या सुट्टीत मुलांना घेऊन एखाद्या झाडाखाली पाच मिनिटे गप्प बसा. तो कुठे बसतो, शेपटी कशी हलवतो, काय खातो, कसा ओरडतो, एवढे पाहा. नाव नाही आले तरी बिघडत नाही. पुढच्या दिवाळीत "तो काय करीत होता?" याचे उत्तर तुमच्या मुलाने दिले, तर मी चकली बाजूला ठेवून ऐकेन.